परीक्षकाला नाव सांगायचं नाही

हौशी छायाचित्रण क्लबच्या मासिक स्पर्धेत एक नियम सगळ्यात कडक असतो. फोटो कुणाचा आहे हे परीक्षकाला कळता कामा नये. फाइलवर फक्त क्रमांक. फोटो छापील असेल तर नाव मागच्या बाजूला, तेही झाकलेलं. पडद्यावर एकेक फोटो येत जातो आणि तो ज्याचा असतो तो समोरच्या खुर्च्यांवर इतरांसारखाच गप्प बसलेला असतो. पहाटे किती वाजता उठलो, किती चाललो, पाऊस कसा कोसळत होता, लेन्स किती महागाची आहे, यातलं काहीही सांगायची सोय नसते. चौकटीत जे आलं तेवढ्यावरच निकाल.

समजा, क्रमांक सतराला वारीतलं रिंगण आलं. अश्वाचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले, मागे धुळीचा लोट, कडेला टाळ धरलेले हात. सभागृहातून दाद येते. परीक्षक उठतो, पडद्याजवळ जातो आणि हातातली पुठ्ठ्याची फाइल डाव्या कडेवर धरून तेवढा भाग झाकतो. तिथे गर्दीत कुणाची तरी पांढरी छत्री होती, इतका वेळ कुणाच्या फारशी लक्षात न आलेली. ती झाकली जाते आणि घोडा एकदम मोकळा होतो, चौकटीत धावायला त्याला पुढे जागा मिळते. "आता बघा," एवढंच परीक्षक म्हणतो. खुर्च्यांमधून "अरे हो!" असा आवाज निघतो. ज्याचा फोटो असतो त्याला हे दोन क्षण जन्मभर पुरतात. पुढच्या वर्षी वारीत कॅमेरा डोळ्याला लावताना त्याची नजर आधी चौकटीच्या कडांवरून फिरून येते.

अशा क्लबमध्ये येणारी माणसं बँकेत, शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात काम करणारी असतात. फोटोवर कुणाचं पोट नसतं. आठवडाभर नोकरी आणि रविवारी पहाटे भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला, सोमवती अमावास्येला जेजुरीच्या भंडाऱ्यात, पावसाळ्यात आंबोलीच्या झाडीत बेडूक शोधायला. महिन्यातून एकदा स्पर्धा, एखादं व्याख्यान, एखादी सहल, वर्षातून एक प्रदर्शन. एवढाच कार्यक्रम असतो, आणि भारतातल्या छायाचित्रणाचा बराचसा पाया याच कार्यक्रमावर उभा आहे. मासिक स्पर्धेची ही संध्याकाळ जपायला हवी, कारण फोटो शिकण्याची यापेक्षा चांगली आणि स्वस्त जागा अजून सापडलेली नाही.

आपल्याकडे हे सगळं सुरू झालं मुंबईत. लंडनमध्ये १८५३ च्या जानेवारीत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तीच पुढे रॉयल फोटोग्राफिक सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यानंतर दोन वर्षंही उलटली नव्हती तेव्हा, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली. भारतातली ही पहिली अशी संस्था. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था त्यानंतर, १८५६ च्या सुमारास आल्या. मुंबईच्या सोसायटीने लगेच स्वतःचं नियतकालिकही काढलं. सभासदांत बहुसंख्य इंग्रज, लष्करातले आणि सरकारी नोकरीतले, पण डॉ. भाऊ दाजी लाड तिथे होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः फोटो काढणारे, सोसायटीच्या कारभारात भाग घेणारे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली ही पिढी रसायनांना घाबरत नव्हती, आणि त्या काळी फोटो म्हणजे निम्मं रसायनशास्त्रच होतं.

ते किती अवघड होतं याची कल्पना आज येणं कठीण. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या कलोडियनची रीत तेव्हा नवी होती. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, चांदीच्या क्षारात बुडवून तो प्रकाशाला संवेदनशील करायचा, काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत धुवायची. लंडनच्या गारठ्यात थोडी सवड मिळे. मुंबईच्या उन्हाळ्यात कलोडियनमधलं इथर भराभर उडून जाई आणि काच हातातच वाळायला लागे. म्हणजे अंधाऱ्या खोलीचा तंबू, बाटल्या, पाणी असा सगळा संसार पाठीशी घेऊनच हिंडायचं. इंग्रजी पुस्तकातल्या कृती इथल्या हवेत चालत नसत, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत कुणाला काय जमलं, कुणाची काच का डागाळली, याची देवाणघेवाण हा मोठाच आधार होता. आज क्लबमध्ये पावसाळी दमटपणामुळे लेन्सवर बुरशी कशी धरते, कोरड्या पेटीत सिलिका जेल कितपत टिकतं, यावर चर्चा रंगते. ती त्याच बैठकांची परंपरा.

१८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले, ज्यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याने तोफखान्यातल्या कॅप्टन थॉमस बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळ इथल्या वास्तूंचे फोटो काढायला नेमलं. त्याला लष्करात परत बोलावल्यावर ते काम डॉ. विल्यम पिगूकडे गेलं. एक तोफखान्यातला, एक डॉक्टर. या देशातल्या शिल्पांची पहिली शिस्तशीर छायाचित्रं अशा माणसांच्या हातून झाली. हौस आणि कामगिरी यांच्यातली भिंत तेव्हा फार पातळ होती.

क्लब म्हटला की राजकारणही आलं. बंगालच्या सोसायटीत राजेंद्रलाल मित्र हे थोर संशोधक पदाधिकारी होते. १८५७ मध्ये त्यांनी जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर टीका केली आणि त्यांना सोसायटीतून काढण्यात आलं. या भाषणाचा फोटोशी काडीचा संबंध नव्हता. परीक्षकापासून नाव झाकण्याचा नियम किती मोलाचा आहे हे अशा वेळी कळतं. फोटोवर बोलताना माणूस बाजूला ठेवता आला नाही तर क्लब टिकत नाही.

पुढे कोरड्या काचा आल्या, १८८८ मध्ये शंभर फोटोंचं रीळ भरलेला कोडॅक आला आणि हौशी माणसांची संख्या झपाट्याने वाढली. मुंबईत १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे हा गट निघाला, १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया. देशभरच्या क्लबांना एकत्र आणणारं फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ मध्ये सुरू झालं. या पिढीच्या उत्तम क्लबवाल्यांत संडूरच्या घोरपडे घराण्यातले एम. वाय. घोरपडे यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. कर्नाटकाचं अर्थखातं सांभाळणारा हा माणूस जंगलात तासन्‌तास बसून कृष्णधवल फोटो काढत असे. त्यांच्या 'सनलाइट अँड शॅडोज' या पुस्तकाचं नावच त्यांच्या कामाचं वर्णन आहे: ऊन आणि सावली, रंगांचा आधार न घेता.

त्या काळचा एक उपक्रम आज जवळपास विस्मरणात गेला आहे, आणि तो पुन्हा सुरू व्हावा इतका सुंदर आहे. टपालाने फिरणारा पोर्टफोलिओ. एका पेटीत किंवा पाकिटात प्रत्येक सभासदाचा एकेक छापील फोटो. पाकीट एका गावातून दुसऱ्या गावाला जायचं. ज्याच्याकडे पोहोचेल त्याने प्रत्येक फोटो निवांत बघायचा, सोबतच्या कागदावर आपलं मत लिहायचं, आपला जुना फोटो काढून नवा ठेवायचा आणि पाकीट पुढे पाठवायचं. संयुक्त प्रांतात अशी एक मंडळी होती, युनायटेड प्रॉव्हिन्सेस पोस्टल पोर्टफोलिओ सर्कल. देवलीना आणि मनोबीना या जुळ्या बहिणी तिच्या सभासद होत्या. वडिलांनी बारा वर्षांच्या वयात दोघींच्या हाती कॅमेरे दिले होते. मनोबीना यांचं पुढे चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय यांच्याशी लग्न झालं. त्यांनी टागोर, नेहरू, कृष्ण मेनन यांची व्यक्तिचित्रं टिपली. जिथे बाईने एकटीने संध्याकाळच्या बैठकीला जाणं अवघड होतं, तिथे पाकीट घरी येत होतं. कागदावर लिहिलेली टीका पडद्यासमोरच्या टीकेपेक्षा जास्त सविस्तर असणार, कारण लिहिणाऱ्याकडे तो फोटो काही दिवस मुक्कामाला असे.

मासिक स्पर्धेच्या वरची पायरी म्हणजे सलोन. हा शब्द पॅरिसच्या चित्रप्रदर्शनांतून आला. लंडन सलोन ऑफ फोटोग्राफी १९१० पासून चालत आलं आहे. आंतरराष्ट्रीय सलोनांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांत १९५० मध्ये आकाराला आलेली फियाप ही युरोपातून निघालेली संघटना आणि १९३४ ची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका या दोन प्रमुख. सलोनात सहसा तीन परीक्षक बसतात, प्रत्येकाच्या हातात गुण दाबायचं यंत्र. फोटो काही सेकंद दिसतो, तीन आकडे पडतात, बेरीज होते, पुढचा फोटो. आलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा कमीजास्त स्वीकारला जातो. याला क्लबच्या भाषेत 'ॲक्सेप्टन्स' म्हणतात. ॲक्सेप्टन्स साठत गेले की पदव्या मिळतात. गेल्या दशकातल्या नियमांप्रमाणे ए-फियाप या पहिल्या पदवीला निदान आठ देशांतल्या सलोनांमधून पंधरा वेगवेगळ्या फोटोंना मिळून चाळीस ॲक्सेप्टन्स लागत.

इथे एक तक्रार नोंदवायलाच हवी. हल्ली चारपाच सलोनांचं मिळून एक 'सर्किट' असतं. एकदा प्रवेशशुल्क भरलं, एकदा फोटो चढवले की पाचही ठिकाणी परीक्षण होतं आणि एकाच फोटोला पाच ॲक्सेप्टन्स पडू शकतात. दूरच्या गावातल्या माणसाला जगभरचे परीक्षक मिळतात हा याचा मोठा फायदा. पण काही सेकंदांत तीन अनोळखी माणसांना काय आवडतं याचा अंदाज एकदा आला की फोटो त्या अंदाजाप्रमाणे निघू लागतात. धुरातून येणारी उन्हाची तिरीप आणि त्यात बसलेला लाल वस्त्रातला बालभिक्खू. चीनमधल्या ली नदीवर कंदील लावून, पाणकावळा घेऊन बसलेला म्हातारा कोळी. तो कोळी आता मासे धरायला नव्हे, फोटोसाठी बसतो आणि त्याचे पैसे घेतो. त्यात त्याचा काही दोष नाही. पण पन्नास जणांच्या संग्रहात तोच म्हातारा दिसतो तेव्हा त्यातल्या एकानेही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं हे कळायला मार्ग उरत नाही.

रॉयल फोटोग्राफिक सोसायटीची पद्धत याहून वेगळी आणि जास्त शिकवणारी आहे. तिथे पहिल्या पदवीसाठी दहा फोटोंचं पॅनल द्यावं लागतं, त्याच्या वरच्या पदवीला पंधरा. फोटो कोणत्या क्रमाने लावायचे याचा आराखडाही द्यायचा. एकेक फोटो चांगला असून भागत नाही; दहांमधून एक माणूस, एक नजर दिसली पाहिजे. पॅनलची तयारी करणाऱ्याला घरच्या जमिनीवर फोटो पसरून दिवसच्या दिवस ते हलवत बसावं लागतं, आणि आपल्याला नक्की काय बघायला आवडतं हा प्रश्न पहिल्यांदाच स्वतःला विचारावा लागतो. असं पॅनल-परीक्षण मराठी मुलखातल्या प्रत्येक क्लबने वर्षातून एकदा तरी ठेवावं.

स्पर्धांची नियमावली कंटाळवाणी वाटते, पण बारकाईने वाचली तर तिच्यातला प्रत्येक नियम एखाद्या भांडणातून जन्मलेला दिसतो. आणि भांडण बहुतेक वेळा एकच असतं: फोटो खरा कधी म्हणायचा?

हे भांडण संगणकाने सुरू केलेलं नाही. कलोडियनची काच निळ्या रंगाला फारच लवकर प्रतिसाद देई, त्यामुळे जमिनीचा फोटो नीट येईपर्यंत आकाश जळून पांढरं पडायचं. मग छायाचित्रकार ढगांची वेगळी काच काढून ठेवत आणि छापताना दोन्ही जोडत. ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसहून अधिक काचा जोडून एक भलंमोठं रूपकचित्र उभं केलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच काचांतून मृत्युशय्येवरची मुलगी दाखवली आणि लोक भडकले. जोडकाम केलं म्हणून काही, इतक्या खाजगी दुःखाकडे कॅमेरा रोखला म्हणून काही. म्हणजे ज्या वर्षांत मुंबईची सोसायटी रांगत होती त्याच वर्षांत हा वाद पेटलेला होता.

आजच्या स्पर्धांनी यावर विभागांचा तोडगा काढला आहे. खुल्या विभागात हवं ते जोडा, तोडा, रंगवा. प्रवास आणि वार्ताचित्र विभागात प्रसंग मांडून घ्यायचा नाही. निसर्ग विभाग सगळ्यात कडक. २०१४ मध्ये फियाप, अमेरिकन सोसायटी आणि रॉयल सोसायटी यांनी मिळून त्याची एकच व्याख्या ठरवली. फोटो कापता येतो, प्रकाश कमीजास्त करता येतो, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढता येतो. पण जे चौकटीत होतं ते पुसायचं नाही आणि जे नव्हतं ते आणायचं नाही. माणूस आणि माणसाची वस्तू दिसता कामा नये; मुख्य अपवाद माणसांच्या वस्तीशी जुळवून घेतलेल्या प्राण्यांचा, जिथे ती वस्तू त्या गोष्टीचाच भाग असते.

हा अपवाद किती महत्त्वाचा आहे ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. नयन खानोलकर यांचा आरे कॉलनीतल्या बिबट्याचा फोटो २०१६ मध्ये लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. घरांमधल्या अरुंद बोळातून, भिंतींच्या मधून, रात्री चाललेला बिबट्या. वारली पाडे आणि बिबटे तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत. भिंत काढून टाकली तर त्या फोटोत एक देखणा बिबट्या उरेल आणि मुंबई निघून जाईल. चार वर्षांनी पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर हिच्या भंडारदरा परिसरातल्या काजव्यांच्या फोटोला त्याच स्पर्धेत गौरव मिळाला. जूनच्या तोंडावर काजव्यांनी लखलखणारं झाड हे सह्याद्रीतल्या माणसाच्या ओळखीचं दृश्य. ते जगाने बघितलं.

भारतातल्या अनेक सलोनांनी आणखी एक अट घातली आहे, आणि ती मनापासून पटणारी आहे. घरट्यातल्या पक्ष्यांचे इथे काढलेले फोटो स्वीकारले जात नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच अंडी आणि घरटी विस्कटण्याचा समावेश केला आहे. एके काळी पिल्लाला घास भरवणारी पक्षीण हा स्पर्धेत हमखास पदक आणणारा विषय होता. त्यासाठी आडवी येणारी फांदी छाटली जायची, पानं बाजूला बांधली जायची. आडोसा गेला की घरटं उन्हाला आणि कावळ्यांना उघडं पडायचं. पदकच मिळणार नाही म्हटल्यावर फांदी छाटण्याचं एक मोठं कारण संपतं. छोट्या नियमाचा एवढा थेट उपयोग क्वचितच होतो.

नियम मोडणारे मोठ्या स्पर्धांतही सापडले आहेत. लंडनच्याच स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च मान स्पेनच्या होसे लुईस रॉड्रिगेझ याच्या फोटोला मिळाला होता: रात्री कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणारा लांडगा. तो माणसाळलेला, प्राणिसंग्रहालयातला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० च्या जानेवारीत पारितोषिक रद्द केलं. रानातला लांडगा बहुधा फाटकाच्या गजांमधून निघून गेला असता, असा एक आक्षेप होता. २०१७ मध्ये ब्राझीलच्या मार्सियो काब्रालच्या फोटोत चमकत्या वारुळाकडे येणारं मुंगीखाऊ जनावर होतं. काही महिन्यांनी कुणीतरी दाखवून दिलं की त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी ठेवलेलं पेंढा भरलेलं मुंगीखाऊ हुबेहूब तसंच आहे. तज्ज्ञांनी दोन्ही शेजारी ठेवून केसांचे झुबके, अंगावरच्या खुणा, उभं राहण्याची ढब ताडून पाहिली आणि २०१८ मध्ये तो फोटो बाद झाला. दोघांनीही आरोप नाकारले.

आणि आता तर कॅमेराच न लागणारे फोटो आले आहेत. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डागसेनने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं चित्र पाठवलं, ते निवडलं गेलं, आणि त्याने पारितोषिक नाकारून सगळं उघड केलं. पुढच्या वर्षी उलट घडलं. माइल्स ॲस्ट्रे याने डोकं पोटाखाली घालून खाजवणाऱ्या रोहिताचा खराखुरा फोटो दुसऱ्या एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात पाठवला, परीक्षकांनी त्याला क्रमांक दिला, आणि तो फोटो खरा असल्याचं कळल्यावर बाद करण्यात आला. भिगवणला वर्षानुवर्षं जाणाऱ्या माणसाने तो फोटो बघितला असता तर त्याला बहुधा लगेच कळलं असतं, कारण रोहित अशी मान वळवताना त्याने डझनभर वेळा पाहिलेला असतो.

हे ज्ञान क्लबांकडे आहे आणि ते वापरायला हवं. मोठ्या स्पर्धा आता पारितोषिक जाहीर करण्याआधी मूळ रॉ फाइल मागतात. संशय असेल तर त्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही. खऱ्या फोटोला असे शेजारी असतातच: पाखरू उडायच्या आधीचं, उडाल्यानंतरचं, चुकलेलं, हललेलं, अर्धं कापलं गेलेलं. मासिक स्पर्धेत हीच सवय लावता येईल. पहिल्या तीन क्रमांकांच्या सभासदांनी पुढच्या बैठकीत त्या फोटोच्या शेजारच्या फ्रेम पडद्यावर दाखवायच्या आणि त्यांतून हीच का निवडली ते सांगायचं. तेव्हा मात्र नाव सांगायला हरकत नाही, बोलायलाही नाही. फाइल पुसून टाकण्याची घाई त्यासाठी सोडावी लागेल, आणि एक मोठी हार्ड डिस्क घ्यावी लागेल. सभासदांच्या वर्गणीतून क्लबने एक सामाईक घेतली तरी चालण्यासारखं आहे.